मनोरीच्या वाडीत पोहण्याचं तळं: क्लोरीन नको म्हणता, मग कमळंही नकोत

प्रश्न थोडक्यात असा: मनोरीला वडिलोपार्जित घर आहे, मागे सहा-सात गुंठ्यांची वाडी आणि कोपऱ्यात जुनी विहीर. मुलांसाठी क्लोरीन नसलेलं, झाडांनी स्वच्छ राहणारं पोहण्याचं तळं करायचं आहे. तुम्हाला कमळं आणि थोडे मासे हवेत, सासऱ्यांना डासांची धास्ती आहे. जागा किती लागेल, झाडं कोणती लावायची, पाणी हिरवं होईल का आणि मुळात मुंबईच्या हवेत हे जमतं का, असं तुम्ही विचारलंय.

जमतं, ताई. मात्र तुम्ही पाहिलेली चित्रं बहुतेक ऑस्ट्रिया-जर्मनीतली असणार. ही पद्धत १९८०च्या दशकात ऑस्ट्रियात रुजली आणि तिची सगळी गणितं तिथल्या गार पाण्यावर बेतलेली आहेत. मनोरीत मे महिन्यात तळ्याचा वरचा थर तीस-बत्तीस अंशांवर सहज जातो. चार महिन्यांत दोन मीटरहून जास्त पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे. म्हणून कल्पना त्यांची घ्या, मापं घेऊ नका.

कल्पना अशी. तळ्याचे दोन भाग असतात. एकात पोहायचं, तो खोल, मोकळा, झाडं नसलेला. दुसरा उथळ, खडीचा आणि झाडांचा. लहानसा पंप पोहण्याच्या भागातलं पाणी उचलून खडीत सोडतो, ते खडीतून झिरपत झाडांच्या मुळांशी जातं आणि पुन्हा पोहण्याच्या भागात येतं. खडीवर जिवाणूंचा पातळ थर जमतो. तो घाण विघटित करतो आणि झाडं त्यातून सुटलेली पोषकद्रव्यं शोषतात. इथवर सगळे सांगतात. यातून लोकांचा समज होतो की भरपूर झाडं लावली की काम झालं. माझ्याकडे "तळं हिरवं झालंय, आणखी कोणती झाडं लावू" असं विचारत येणाऱ्यांच्या तळ्यात बहुतेक वेळा झाडं पुरेशी असतात. बाहेरून येणारं खाद्य जास्त असतं.

ते खाद्य म्हणजे फॉस्फरस. शेवाळाला वाढायला नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (हाच फॉस्फरस) दोन्ही लागतं. नत्र तोडून उपयोग नाही, कारण निळं-हिरवं शेवाळ ते हवेतून ओढून घेतं. फॉस्फरस हवेत नाही, तो कुणीतरी पाण्यात आणून टाकावा लागतो. म्हणून पाणी उपाशी ठेवायचं तर फॉस्फरसच रोखायचा. अशा तळ्यांसाठी जर्मन मार्गदर्शक नियमांत मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. ही किती कमी आहे ते तुमच्याच तळ्यावर मोजून बघा. तळं साधारण ६५ हजार लिटरचं धरलं, तर त्या सगळ्या पाण्यात मिळून जेमतेम ०.६५ ग्रॅम फॉस्फरस चालेल. एक किलो सुक्या पाल्यात साधारण एक ग्रॅम असतो. माशांच्या शंभर ग्रॅम खाद्यात जवळपास तेवढाच. डीएपी खताच्या पाच ग्रॅमच्या चिमटीत एक ग्रॅम. मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या लघवीतही एक ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे आंब्याचा एक ढीग पाला पाण्यात कुजला, किंवा मुलांनी "कुणी बघत नाही" म्हणून दोन-चारदा पाण्यातच केलं, की अख्ख्या तळ्याचा कोटा संपला. पुढे मी जे जे सांगतो आहे त्यातलं बहुतेक या एका हिशेबातून आलेलं आहे.

आता मापं. पोहण्याचा भाग आठ मीटर बाय चार मीटर घ्या. एका टोकाला सव्वा मीटर खोल, दुसऱ्या टोकाला १.८ मीटर. मुलं हातपाय मारतील, मोठी माणसं दोन झेपा पोहतील. यापेक्षा छोट्यात मजा नाही. झाडांचा भाग त्याहून मोठा, किमान ४० चौरस मीटर. युरोपात निम्मं-निम्मं चालतं, इथे मी झाडांना जास्त जागा देतो, कारण कोमट पाण्यात सगळंच जोरात वाढतं, शेवाळ आधी. त्यातले २० चौरस मीटर ६० सेंटिमीटर खोल खडीचे आणि उरलेले २० मोकळ्या उथळ पाण्याचे, ३० ते ७० सेंटिमीटर खोल. काठ आणि चालायची वाट धरून सव्वा-दीड गुंठा जाईल. तुमच्याकडे आहे. मुंबईत फ्लॅटवाले मला हेच गच्चीवर करून मागतात, त्यांच्यासाठी एक वाक्य: एक मीटर खोल पाण्याचं वजन चौरस मीटरला एक टन होतं आणि वावरायची साधी गच्ची चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास भारासाठी बांधलेली असते. गच्चीवर टपात कुमुद, म्हणजे वॉटर लिली, लावा, पोहायला तरणतलावावर जा.

जागा निवडताना विहिरीच्या मोहात पडू नका. विहिरीशेजारी खणलं की पावसाळ्यात भूजल तळ्याच्या अस्तराखाली चढतं आणि अस्तर फुग्यासारखं वर उचलतं. मनोरीसारख्या किनाऱ्यावर जुलैत पाणी हाताला लागतं, त्यामुळे हे दुखणं तिथे जास्त. तळं थोडं जमिनीवर उचलून बांधणं, म्हणजे मीटरभर खणून उरलेली उंची निघालेल्या मातीच्या बांधाने गाठणं, हा सोपा मार्ग. माती आवारातच मुरते, बाहेर न्यायची भानगड राहत नाही. आणि एकदा भरलेलं तळं पावसाळ्यात कधीही रिकामं करू नका, कितीही गढूळ दिसलं तरी. आतल्या पाण्याचं वजनच अस्तराला दाबून ठेवत असतं.

वाडीतली मोठी झाडं तळ्यापासून दूर हवीत. आंबा, पर्जन्यवृक्ष आणि जांभूळ यांच्या खाली तर नकोच. पाला आणि फळं दोन्ही पाण्यात. दुपारच्या उन्हाला आडोसा मात्र हवा, त्यासाठी पश्चिमेला खांबांवर शेडनेट ताणा. नारळाच्या बुंध्याखाली मुलं पोहणार नाहीत एवढं पाहा. सेप्टिक टँक आणि त्याचा शोषखड्डा जितका लांब तितका बरा, पंधरा मीटरच्या आत तर नाहीच.

अस्तरासाठी शहरातले ठेकेदार सिमेंट काँक्रीटच सुचवतील, कारण त्यांना तेवढंच येतं. काँक्रीट चालतं, पण नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरून पीएच चढवतो आणि झाडं रुसतात. मला शेततळ्याचा कागद आवडतो, म्हणजे एचडीपीईची जिओमेम्ब्रेन. शेतकरी ५०० मायक्रॉनचा वापरतात, तुम्ही एक मिलिमीटरचा घ्या. नाशिक-नगरकडची शेततळ्याची अस्तरं लावणारी माणसं यंत्राने सांधे वेल्ड करून देतात, त्यांचा हात सफाईदार असतो. कागदाखाली आणि वर जिओटेक्स्टाइलचं जाड कापड हवंच. मुंबईत अस्तराचा खरा वैरी घूस आहे. किनाऱ्यावर त्यात बिळं करणारे खेकडेही आले. म्हणून बांधाच्या बाहेरच्या अंगाला बारीक जाळी गाडून वर पातळ काँक्रीटचा पट्टा ओता.

पोहण्याचा आणि झाडांचा भाग वेगळा करणारी भिंत त्याच सलग अस्तरावर, जादा कापड अंथरून, जांभ्या चिऱ्याची बांधा आणि ती पाण्याच्या पातळीखाली दहा-पंधरा सेंटिमीटरवर थांबवा. पाणी वरून इकडेतिकडे फिरतं, खडी मात्र पोहण्याच्या भागात ढासळत नाही.

आता खडीचा थर. इथे कोकणाने आपल्याला एक देणगी दिली आहे. जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं भरपूर असतात आणि ती फॉस्फेटला, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या फॉस्फरसला, धरून ठेवतात. त्यामुळे खाली २० मिलिमीटरची काळ्या दगडाची खडी, मध्ये फोडलेल्या जांभ्याचा थर, वर पुन्हा सहा ते दहा मिलिमीटरची बारीक खडी, असा माझा नेहमीचा क्रम असतो. जांभा पाण्याने धुऊन धुऊन घ्या, तांबडं पाणी येणं थांबेपर्यंत. नाहीतर पहिला महिना तळं चहाच्या रंगाचं दिसेल. माती एक घमेलंसुद्धा नाही. शेणखत, कोकोपीट, गांडूळखत, काहीही नाही. माळीबुवा हटकून म्हणतील, "नुसत्या खडीत झाड कसं जगेल?" जगतं. त्याला जगायला तळ्यातलंच खाऊ द्यायचं आहे.

पंप ताशी तीन हजार लिटरचा पुरे. दिवसभरात सगळं पाणी एकदा खडीतून फिरतं. उंची फार चढवायची नसल्याने कमी वॅटचा चालतो, ५०-६० वॅटचा. महिन्याला चाळीसेक युनिट होतील. इथे नवरोबा वीज वाचवायला रात्री पंप बंद करायला सांगतील. अजिबात ऐकू नका. तीस अंशांच्या पाण्यात लिटरला जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, वीस अंशांना नऊच्या पुढे मावतो. त्यात रात्री झाडंही प्राणवायू देत नाहीत, घेतात. पहाटे तो सगळ्यात कमी असतो. पाणी थांबलं की खडीतला जिवाणूंचा थर गुदमरतो, आणि प्राणवायू संपला की जांभ्यातल्या लोहाने धरून ठेवलेला फॉस्फेट पुन्हा पाण्यात सुटतो. बंद करायचाच असेल तर दुपारी तासभर करा. विजेचं काम मात्र ३० मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीशिवाय (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नको, आणि पंप शक्यतो २४ व्होल्टचा. पाण्यात मुलं असतील, याहून जास्त कारण सांगायची गरज नाही.

झाडांकडे येऊ. कमळ नको म्हटलं ते तुमच्या मनाला लागलं असेल. कमळाला चिखल लागतो, तोही सकस. दोन फूट चिखलाचा कुंड तळ्यात ठेवणं म्हणजे फॉस्फरसचं गोदाम आत आणून ठेवणं. कमळ वाडीत वेगळ्या सिमेंटच्या टाकीत लावा, सुंदर येईल. तळ्यासाठी कुमुद घ्या. रात्री-पहाटे उमलणारं पांढरं किंवा दिवसा उमलणारं निळं, दोन्ही आपली. कमी कसाची चिकणमाती असलेल्या कुंडीत लावून वर खडीचा बोटभर थर द्यायचा आणि अर्ध्या मीटर पाण्यात सोडायचं. सबंध तळ्यात मातीला एवढीच सूट. शेजारी कुमुदिनी लावा. कास पठारावरच्या कुमुदिनी तळ्यात झालरीच्या पाकळ्यांची छोटी पांढरी फुलं दिसतात ना, तीच. पसरते भराभर, पण हाताने उपटता येते आणि तिच्या पानांच्या सावलीने पाणी गार राहतं.

खडीच्या भागात कणा म्हणून वेखंड, कर्दळ, अळू आणि नर्सरीत ज्याला अम्ब्रेला पाम म्हणतात ते लव्हाळ्याच्या कुळातलं झाड. शेवटचं कर्दळीसारखंच मूळचं परदेशी आहे, तरीही मी ते लावतो. इतकं कष्टाळू झाड दुसरं नाही. अळूला मुंबईकर सांडपाण्यावरचा म्हणून नाकं मुरडतात. गटाराच्या कडेला तो एवढा फोफावतो, कारण पोषकद्रव्यं ओढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवं. स्वच्छ तळ्यातल्या अळूचं फदफदं खुशाल करा. काठाच्या ओलाव्यावर वाळा लावा. त्याची मुळं सरळ खाली झुपक्याने जातात, आडवे कोंब फिरवत नाहीत, त्यामुळे अस्तराला धोका नाही. खडीच्या कडा झाकायला नीरब्राह्मी.

रामबाण, म्हणजे पाणकणीस, दिसायला देखणा आणि कामाला चोख, पण त्याचे जमिनीखालचे कोंब टोकदार असतात. लावायचाच तर काँक्रीटच्या वेगळ्या कप्प्यात. देवनळ कुठेच नको. तो अस्तर भोसकून पलीकडे उगवतो. नागरमोथाही नको, एकदा शिरला की गाठी काढता काढता आयुष्य जातं.

लोक विसरतात ती बुडालेली झाडं: हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, सेराटोफायलम. ॲक्वेरियमच्या दुकानांत सहज मिळतात. वरची झाडं मुळांनी खातात. ही अंगभर पानांनी थेट पाण्यातून फॉस्फरस ओढतात आणि दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतात. पहिल्या वर्षी शेवाळाशी खरी लढत हीच देतात. मोकळ्या उथळ भागाचा निम्मा तळ यांनी भरा. हायड्रिला पोहण्याच्या भागात हातपाय पसरेल. उपटून बाहेर टाका, तीही सफाईच आहे.

जलपर्णी कुणी फुकट दिली तरी आणू नका. पवई तलावावर तिचा गालिचा पाहिला नसेल तर एकदा जाऊन पाहा. गोंडाळ आणि डकवीड हीही त्याच माळेतली. बहुतेक वेळा दुसऱ्या झाडाच्या मुळांना चिकटून येतात. म्हणून प्रत्येक रोप नर्सरीच्या पिशवीतून काढून मुळं वाहत्या पाण्यात पूर्ण धुवायची, पांढरी दिसेपर्यंत. यात दुहेरी फायदा: न मागितलेले पाहुणे जातात आणि नर्सरीवाल्याने घातलेलं शेणखत आणि डीएपीही जातं. मग आठवडाभर वेगळ्या टपात ठेवून मगच तळ्यात. चौरस मीटरला सहा-आठ गड्डे लागतात, म्हणजे सगळी मिळून अडीचशे-तीनशे रोपं. ही जंगलातून किंवा पठारांवरून उपटून आणू नका. सह्याद्रीच्या पठारांवरचा वायतुरा तर जगात दुसरीकडे कुठे नाही, तो तिथेच राहू दे.

डासांबद्दल सासऱ्यांची भीती खरी आहे. मुंबईत विहिरींवर संशयाची नजर आज पडलेली नाही, डॉ. बेंटली यांच्या १९११च्या मलेरिया अहवालाने शहरातल्या विहिरींकडे बोट दाखवलं होतं. मलेरिया पसरवणारा शहरी ॲनॉफिलिस विहिरी आणि टाक्यांत वाढतो, डेंग्यूचा एडिस साचलेल्या थोड्याशा स्वच्छ पाण्यात. वाहतं, मासे असलेलं, चतुरांची पिल्लं फिरणारं तळं या दोघांनाही फारसं मानवत नाही. धोका तळ्याच्या आजूबाजूला असतो: पंपाचा खड्डा, पाला गाळणारी टोपली, ओव्हरफ्लोचा चेंबर, कुंड्यांखालच्या बशा, शेडनेटच्या झोळीत साचलेलं पाणी, आणि ती उघडी विहीर. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून दर आठवड्याला एकदा हे सगळं उपडं, कोरडं किंवा जाळीबंद. विहिरीला झाकण. पालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं आली तर त्यांना तळं आपणहून दाखवा, लपवू नका. अळ्या दिसल्या नाहीत तर त्यांचीही तक्रार नसते.

माशांचं म्हणाल तर पाळीव नकोत. सोनमासे आणि कोई तळ उकरतात आणि खाद्य मागतात, आणि खाद्याचा हिशेब वर दिलाच आहे. ठेवायचे ते फक्त अळ्या खाणारे छोटे. पालिका गप्पी वापरते, पण पावसात तळं ओसंडलं की गप्पी नाल्यात आणि खाडीकडे जातात, शिवाय तो मूळचा आपला नाही. स्ट्राइप्ड पॅनचॅक्स हा आपल्याकडचाच मासा आहे, पाण्याच्या पृष्ठभागावरच शिकार करतो. पंधरा-वीस सोडा आणि एक दाणाही घालू नका. बेडूक आपोआप येतील, त्यांच्यामागे विरोळा येईल. बिनविषारी आहे, मुलांना ओळख करून द्या. बदकं मात्र कुणाच्या हट्टाखातर पाळू नका.

आता ज्यावर मला सर्वात जास्त बोलायचं आहे ते. या पाण्यात निर्जंतुकीकरण होत नाही. वाहतं पाणी, ऊन आणि जिवाणू यांच्या स्पर्धेत रोगजंतू कमी होतात, शून्य होत नाहीत. केरळात २०२४ पासून तळ्यांत-तलावांत पोहलेल्यांना अमीबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या केसेस गाजल्या, त्या तुम्ही वाचल्या असतील. नेग्लेरिया हा अमीबा कोमट गोड्या पाण्यात आणि तळच्या गाळात राहतो आणि नाकात जोराने पाणी गेलं तर मेंदूपर्यंत पोहोचतो. पाणी प्यायल्याने नाही. आजार दुर्मीळ आहे, पण झाला तर बहुतेक वेळा जीवघेणा. म्हणून घरात नियम हवा: सूर मारायचा नाही, धपकन उडी नाही, तळाचा गाळ पायाने ढवळायचा नाही, मुलांना नोज क्लिप. तळ महिन्याला व्हॅक्यूम करून गाळमुक्त ठेवायचा. एप्रिल-मेमध्ये पाणी तापतं आणि पातळीही उतरते, तेव्हा थर्मामीटर ठेवा आणि पाणी तिशीपार गेलं की सरळ सुट्टी. पोहण्याचा खरा हंगाम नोव्हेंबर ते मार्च समजा.

दुसरा धोका लेप्टोस्पायरोसिस. उंदीर-घुशींच्या मूत्रातून येतो. आवारात पुराचं पाणी शिरून तळ्यात मिसळलं तर पाणी तपासल्याशिवाय कुणी उतरायचं नाही, जखम असलेल्याने तर नाहीच. पाण्याचा नमुना हंगामात महिन्यातून एकदा एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय १०० पेक्षा कमी, एंटेरोकोकाय ५० पेक्षा कमी आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा १० पेक्षा कमी, हे जर्मन निकष मी वापरतो. सोबत एकूण फॉस्फरस मागा. साध्या पट्टीच्या किटला ०.०१ दिसतच नाही. आणि चार फूट उंचीचं, आपोआप मिटणाऱ्या फाटकाचं कुंपण पाणी भरायच्या आधी.

पावसाचं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. तुमच्या ७२ चौरस मीटर पाण्यावर तो अडुसष्ट हजार लिटर होतो, म्हणजे अख्खं तळं पुन्हा एकदा. त्यामुळे ११० मिलिमीटरचे दोन ओव्हरफ्लो पाइप, वेगवेगळ्या बाजूंना, कारण एक पाल्याने तुंबतोच. ते पाणी जाळी आणि वाळूच्या गाळणीतून विहिरीत सोडा, विहिरीकडे सरकणारं समुद्राचं खारं पाणी मागे हटायला मदतच होईल. वाडीतून वाहून येणारं पाणी मात्र एक थेंबही तळ्यात नको. त्यात माती, शेण, खत सगळं असतं. काठ सगळीकडे जमिनीपेक्षा निदान वीतभर उंच हवा.

आठ कोरड्या महिन्यांत उलटं दुखणं. उन्हाळ्यात रोज पाच-सहा मिलिमीटर पाणी उडून जातं, तुमच्या तळ्याचं चारशे लिटर. हंगामभरात ९०-१०० हजार लिटर भर घालावी लागेल, म्हणजे तळ्यापेक्षा जास्त. वाफ होते ती शुद्ध पाण्याची, क्षार आणि फॉस्फरस मागेच राहतात. भर घालायच्या पाण्यात लिटरला ०.०५ मिलिग्रॅम असला तरी वर्षाला पाच ग्रॅम आत येतो, कोट्याच्या सात-आठ पट. म्हणून भर नेहमी खडीच्या भागातून घालायची, थेट पोहण्याच्या भागात नाही. घराच्या छपराचं पावसाचं पाणी सर्वात चांगलं. १०० चौरस मीटर छपरावरून वर्षाला दीड लाख लिटरहून अधिक मिळतं. पहिले दोन-तीन पाऊस वाया जाऊ द्या, कावळ्या-कबुतरांची विष्ठा आणि धूळ धुऊन जाऊ दे. टँकरचं पाणी भरू नका. ते कुठल्या विहिरीचं हे टँकरवालाही धड सांगत नाही.

वेळापत्रक असं ठेवा. खोदकाम दिवाळीनंतर, पाण्याची पातळी उतरली की. अस्तर आणि खडी मार्चपर्यंत. एप्रिलमध्ये खडीच्या भागात वीतभर पाणी ठेवून झाडं लावा, म्हणजे मुळं बसतात. जून-जुलैचं पाणी तळं भरून देईल. ऑगस्टमध्ये पाणी वाटाण्यासारखं हिरवं होईल आणि घरचे तुमच्याकडे बघतील. काही करू नका. मोरचूद नाही, तुरटी नाही, "नैसर्गिक" म्हणून विकली जाणारी पावडर नाही. तंतूंचं शेवाळ काठीला गुंडाळून काढा, पंप चालू ठेवा. दिवाळीपर्यंत तळ दिसायला लागतो.

त्यानंतरची कामं थोडी, पण नेमाने करायची. पाल्याची टोपली रोज. कर्दळ, अळू आणि अम्ब्रेला पाम दर दोन महिन्यांनी एक तृतीयांश कापायचे आणि कापलेलं सगळं आवाराच्या दुसऱ्या टोकाला न्यायचं. झाडाने शोषलेला फॉस्फरस तळ्याबाहेर जातो तो याच क्षणी. पान तिथेच सुकून पडलं तर केलेलं काम पाण्यात गेलं, अक्षरशः. पोहण्याआधी सगळ्यांनी साबण न लावता नुसती आंघोळ करायची. तेल, सनस्क्रीन लावून उतरायचं नाही आणि बाथरूमला जाऊनच यायचं. दिवाळीत उटणं लावून उतरायचा हट्ट धरला जाईल, तो मोडून काढा. भाद्रपदात घरच्या गणपतीचं विसर्जन "आपल्याच तळ्यात" करायची टूमही निघेल. शाडूची मूर्ती असली तरी नाही. बादलीत करा, ते पाणी नारळाला घाला, निर्माल्य खड्ड्यात.

काम सुरू करण्याआधी दोन गोष्टी. मनोरी-गोराई पट्ट्याला सागरी किनारा नियमनाचे नियम लागू आहेत आणि बरीच जमीन ना-विकास क्षेत्रात येते, म्हणून वास्तुविशारदाकडून तुमच्या भूखंडाची स्थिती तपासून लेखी परवानगी घ्या. दुसरं, विहिरीच्या पाण्याची पातळी आणि क्षार एकदा ऑक्टोबरात आणि एकदा मेमध्ये मोजा, त्यावर तळं किती उचलायचं ते ठरेल. मग जेसीबीवाल्याशी बोला. तो बहुधा भाईंदर-उत्तनच्या रस्त्याने येईल. येण्याजाण्याचे पैसे आधी ठरवून घ्या.